कवळीतली शिट्टी

माझी अब्रू माझ्या सासऱ्यांच्या तोंडात असते. वरचे चौदा, खालचे चौदा. झोपताना ते ती काढून पाण्याच्या वाटीत ठेवतात आणि सकाळी चूळ भरून पुन्हा घालतात.

मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन माझ्याकडे पाठवतात. त्यावरून मी प्लास्टरचा साचा काढते, मेणात एकेक दात रचते, मग मेणाच्या जागी गुलाबी हिरडी भरून, शिजवून, घासूनपुसून कवळी परत पाठवते. घराची रस्त्याकडची खोली ही माझी लॅब. खिडकीत ओळीनं जबडे वाळत असतात. नवखा माणूस दचकतो, गल्लीतल्यांना सवय झाली आहे.

काम माझं चोख. बोलणंही चोख, म्हणजे लोकांच्या भाषेत फटकळ. एखाद्या डॉक्टरला माझ्या कामात खोट दिसली तर तो फोन करून आधी माझी तब्येत विचारतो, मग उकाड्याबद्दल बोलतो, आणि शेवटी ‘काही नाही, सहज केला होता’ म्हणून ठेवून देतो. माझ्या कामात खोटच नसते, म्हणून कुणी काही बोलत नाही, असं मी बरीच वर्षं समजत होते.

नाना, म्हणजे माझे सासरे, एका मोठ्या ऑफिसात लिफ्टमन होते. आयुष्यभर त्या डब्यात उभं राहून त्यांनी मजले पुकारले. त्यापलीकडे ते फार बोलल्याचं कुणाला आठवत नाही. घरातही त्यांचं बोलणं पुटपुटल्यासारखं. पण दर आठवड्याला प्रार्थनाघरात ग्रंथातला उतारा मोठ्यानं वाचायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि तिथे म्हणे त्यांचा आवाज पार मागच्या भिंतीपर्यंत जायचा. सासूबाई पहिल्या बाकावर बसून ऐकायच्या. त्या गेल्या, त्याच्या पुढच्याच आठवड्यात नाना नेहमीसारखे उभे राहिले आणि वाचून घरी आले. त्या दिवशी फक्त जेवले नाहीत.

‘म्हणे’ अशासाठी, की मी तिथे जात नव्हते. देवाशी माझं भांडण नव्हतं, ओळखच नव्हती. लग्न होऊन या घरात आले तेव्हा नानांनी एकदाच विचारलं, “येतेस का?” मी म्हटलं, “काम आहे.” ते “बरं” म्हणाले. पुन्हा विषय नाही. सकाळी चहाचा कप पुढे घेऊन ते डोळे मिटून बसायचे, आणि चहा गार होऊ नये म्हणून मी त्यावर बशी झाकायचे. देवाच्या बाबतीत माझी सेवा ती एवढीच.

त्यांची जुनी कवळी कुणा दुसऱ्यानं केलेली होती. दात झिजून सपाट झालेले, रंग उडालेला. घरात कवळ्या करणारी सून असताना सासऱ्यानं असले दात घालून गावभर फिरायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं. मी मागे लागून त्यांचं माप घेतलं. डॉक्टरांची कामं बाजूला ठेवून, एकेक दात निवडून, इतकी देखणी कवळी केली की नवरा म्हणाला, “नाना, आता तुमचं लग्न लावून द्यावं लागणार.” नाना लाजले. मी त्यांना आरशासमोर उभं करून म्हटलं, “हे माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम आहे.”

आणि जुनी कवळी हातोडीनं फोडून कचऱ्यात टाकली. आमच्या धंद्यात हे करावं लागतं. म्हातारी माणसं नव्या कवळीला दोन दिवस नावं ठेवतात आणि हळूच जुनी घालून बसतात.

बोलायची परीक्षाही मी घेतली होती. कवळी बसवली की ‘स’चे शब्द म्हणून घ्यायचे असतात, कारण पुढच्या दातांमागे जागा चुकली तर हवा तिथूनच निसटते. “नाना, म्हणा, सासू, सून, ससा.” नाना पुटपुटले, “सासू, सून, ससा.” स्वच्छ. मी हात झटकले.

दोन-अडीच महिन्यांनी माझ्या पॉलिशच्या मशीनची मोटर अडकली, म्हणून वायरमनला बोलावलं. हा गडी प्रार्थनाघराचे पंखेसुद्धा बघतो. मोटर उघडता उघडता खिडकीतल्या जबड्यांकडे बघून स्वतःशीच हसायला लागला.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही ताई. नानांच्या शिट्टीची आठवण झाली.”

“कसली शिट्टी?”

त्याच्या हातातला पाना थांबला. आपण काय बोलून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं, पण बाण सुटला होता. मी खुर्ची ओढून दारात बसले. म्हटलं, सांगितल्याशिवाय बाहेर कसा जातोस बघते.

मग त्यानं सांगितलं. नाना मोठ्यानं वाचायला लागले की प्रत्येक ‘स’ला शिट्टी वाजते. बारीक नाही, चांगली कुकरसारखी. पोरं बाकाखाली बोटं मोजतात आणि तिसरी झाली की एकमेकांना म्हणतात, “बंद करा, शिजलं.” पहिल्या आठवड्यात तर सगळं प्रार्थनाघर हसत होतं. मोठी माणसंसुद्धा, रुमाल तोंडावर धरून.

“आणि नाना?”

“थांबले. सगळ्यांचं हसून होऊ दिलं. मग पुन्हा त्याच ओळीपासून सुरू केलं, आणि पुन्हा वाजली.” त्यानं स्क्रू पिळला. “पण खरं सांगू ताई? त्यानं एक झालं. वाचनानंतर आमच्याकडे मोकळा वेळ असतो. ज्याला वाटेल त्यानं उठावं, आपल्या शब्दांत देवाकडे मागावं. इतकी वर्षं तिथे तीनच माणसं उठायची, सेक्रेटरी, मुख्याध्यापक आणि मुख्याध्यापकांची बायको. भाषण केल्यासारखी प्रार्थना. आपल्यासारख्याची काय टाप? पण नाना शिट्टी वाजवत उभे राहायला लागले ना, तसे लोक उठायला लागले. इस्त्रीवाली उठली. तोतरं बोलणारा तो शिंपी उठला. परवा मी उठलो, म्हणजे बघा. म्हटलं, त्यांचं चालतं तर आपलं अडखळलेलं कोण बघतंय?”

मी यातलं एक अक्षर ऐकत नव्हते. माझ्या कानात शिट्टी वाजत होती. अडीच महिने, दर आठवड्याला, भरल्या प्रार्थनाघरात माझं सगळ्यात चांगलं काम शिट्टी वाजवत होतं, आणि मला पत्ता नव्हता.

“आता सेक्रेटरी म्हणतात, येत्या प्रार्थनेला निकाल लावायचा,” वायरमन म्हणाला. “वाचायला तो औषधाच्या दुकानातला तरुण घ्यायचा. रेडिओसारखा आवाज आहे त्याचा. आणि मोकळा वेळ बंद. ज्याला बोलायचंय त्यानं आदल्या दिवशी नाव द्यायचं. कार्यक्रम फार लांबतो म्हणतात, लोकांच्या बस चुकतात.” सेक्रेटरींना सगळे घड्याळकाका म्हणतात. माणूस वाईट नाही. प्रार्थनाघराचं कुलूप वर्षानुवर्षं तेच उघडतात आणि तेच लावतात, त्यामुळे सगळ्यांत उशिरा घरी पोहोचतात तेही तेच.

नाना मागच्या खोलीत कप धूत होते. मी जाऊन उभी राहिले.

“नाना, शिट्टी वाजते?”

त्यांनी कप उपडा ठेवला. “वाजते थोडी.”

“थोडी? कुकर म्हणतात तुम्हाला लोक!”

“खाताना काही त्रास नाही गं. छान बसलीये.”

“मला सांगितलं का नाही?”

ते टॉवेलला हात पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, “तू म्हणालीस ना, हे माझं सगळ्यात चांगलं काम. मग कसं सांगणार?”

“लोक हसतात, ते चालतं?”

“प्रार्थनाघरात लोक झोपतात, सूनबाई. त्यापेक्षा हसलेले बरे.”

मला इतका राग आला की मी त्यांच्या हातातला टॉवेल ओढून घेतला. नानांनी मला खुर्ची दिली. स्वतः उभेच राहिले, लिफ्टमध्ये उभे असल्यासारखे.

“पहिल्या दिवशी वाटलं, जमीन दुभंगावी आणि आत जावं,” ते म्हणाले. “घरी येताना देवाला म्हटलं, एवढी शिट्टी घालव. नाही गेली. मग म्हटलं, बरं, नसेल घालवायची तर उभं राहायचं बळ दे. ते दिलं. मग आणखी काय मागायचं?”

“आणि आता ते तुमचं वाचन काढून घेतायत.”

“हो, कळलंय मला.” एवढंच बोलून ते दुसरा कप विसळायला लागले.

संध्याकाळी नवऱ्यासमोर मी सगळं ओकले. तो बस चालवतो, प्रार्थनेच्या दिवशी त्याला हमखास ड्यूटी असते. तो शांतपणे जेवत म्हणाला, “मला माहीत होतं.”

“तुला माहीत होतं?”

“स्टँडवर सगळ्यांना माहीत आहे. पण तुला सांगायची हिंमत कुणाची?”

हे वाक्य मला त्या वेळी फार लागलं नाही. मी म्हटलं, बघतेच आता. ठराव व्हायच्या आत शिट्टी घालवते, नाना घंटेसारखे खणखणीत वाचतील, मग बघू कोण त्यांना खाली बसवतो.

दुसऱ्या दिवशी नानांना लॅबमध्ये उभं केलं. म्हटलं, मोठ्यानं वाचा. हाताशी ग्रंथ नव्हता, म्हणून प्लास्टरच्या पोत्यावरच्या सूचना वाचायला लावल्या. नाना आधी संकोचले, मग त्यांनी छाती भरून घेतली. “सदर माल सुरक्षित, सुक्या जागी साठवावा!”

देवा रे! खिडकीतले जबडे हादरले असतील. एकेका ‘स’ला अशी शिट्टी, की रस्त्यावरचं कुत्रं थांबून आत बघायला लागलं. मला हसू आलं, आणि पाठोपाठ डोळ्यांत पाणी आलं. ही शिट्टी घेऊन हा माणूस दर आठवड्याला शेकडो लोकांसमोर उभा राहत होता, आणि घरी येऊन मला सांगत होता, छान बसलीये.

चूक कळायला वेळ लागला नाही. टाळूच्या भागावर पावडर भुरभुरवून त्यांना ‘स’ म्हणायला लावलं. जीभ जिथे टेकते तिथली पावडर पुसली जाते, त्यावरून सगळं दिसतं. कवळी नाजूक दिसावी म्हणून मी पुढच्या दातांमागचा भाग फार पातळ घासला होता. जीभ आणि टाळू यांच्यात फट राहत होती. नाना पुटपुटत तेव्हा हवेला जोर नसायचा. मोठ्यानं वाचताना हवा त्या फटीतून सुसाट सुटायची. रूप बघितलं होतं मी, आवाज ऐकलाच नव्हता.

तिथे थोडं मेण चढवायचं, पुन्हा साच्यात बसवायचं आणि शिजवायचं. काम सोपं, पण त्याला वेळ द्यावा लागतो. मधे डॉक्टरांची तातडीची कामं होती. नाना म्हणाले, “त्यांचं आधी कर. त्या माणसांना जेवायचंय. माझं काय, वाचायचंच आहे.” माझ्या हट्टाला ते पटलं नाही, पण डॉक्टर थांबेनात. शेवटी सगळं उरकून, प्रार्थनेच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांची कवळी मी लोखंडी डबीत घालून उकळत्या पाण्यात सोडली. ही डबी बाहेर काढल्यावर आपोआप गार होऊ द्यायची असते. नवशिक्याला पहिल्या दिवशी आम्ही हेच शिकवतो, डबीला घाई नको.

मला घाई झाली होती. काम कसं जमलंय ते बघायची घाई. नानांना घालून, मोठ्यानं वाचायला लावून, स्वतःच्या पाठीवर थाप मारून घ्यायची घाई. डबी हाताला चटके देत होती तरी मी स्क्रू सैल केले आणि उघडली.

कवळी वाकली होती. बाहेर काढताना टाळूतून मधोमध तडकली.

मी दोन्ही तुकडे उचलले. मग नानांसमोर नेऊन ठेवले. सांगायला काही नव्हतंच, दिसत होतं सगळं. खालची कवळी शाबूत होती, पण वरच्या दातांशिवाय ती नुसती खुळखुळते.

“उद्या जाऊ नका,” मी म्हटलं. “मी निरोप देते, नाना आजारी आहेत.”

“पण मी आजारी नाहीये.”

“दात नाहीत तुम्हाला!”

नाना हसले. सगळा चेहरा आत गेला आणि फक्त हसू बाहेर राहिलं. “अगं, देवानं पहिल्यांदा बघितलं तेव्हा तरी कुठे होते? बोळकंच होतं.”

दुसऱ्या दिवशी मी नानांबरोबर गेले. कशाला ते माझं मलाही नीट माहीत नव्हतं. थोडी लाज होती, थोडी घड्याळकाकांना चार शब्द सुनवायची खुमखुमी होती, आणि नाना एकटे जाताहेत हे बघवत नव्हतं. दारात ते थांबले, मला पुढे केलं आणि सासूबाईंच्या बाकाकडे बोट दाखवलं. मी मुकाट्यानं तिथे बसले.

साधी लांबट खोली होती. पांढऱ्या भिंती, पंख्यांची घरघर, बाकांवर माणसं दाटीवाटीनं. नाना उभे राहिले, ग्रंथ उघडला आणि वाचायला लागले.

पोरं बोटं तयार ठेवून बसली होती. शिट्टी वाजलीच नाही. वाजली ती नुसती फसफस. ओठ आत जात होते, शब्द गालात अडकत होते, ‘त’ आणि ‘द’ ओळखू येत नव्हते. एक पोरगी खुदकन हसली आणि आईनं चिमटा काढायच्या आधीच गप्प झाली. नाना प्रत्येक शब्दाला थांबत होते. मधेच हनुवटी रुमालानं पुसत होते आणि पुन्हा पुढचा शब्द धरत होते. उतारा धीर धरण्याबद्दल होता. मला वाटलं, माझ्यासाठीच निवडलाय की काय.

आणि हळूहळू काय झालं, की लोक पुढे झुकले. ऐकायला कष्ट पडत होते, म्हणून सगळे नीट ऐकायला लागले. कुणी खोकेना. मी आयुष्यात इतकी माणसं एका माणसाचं इतक्या लक्षपूर्वक ऐकताना बघितली नव्हती.

वाचन संपलं. घड्याळकाका उठले, नानांनी इतकी वर्षं सेवा केली वगैरे चांगलं चांगलं बोलले, आणि म्हणाले की आता त्यांना विश्रांती द्यावी असं समितीच्या मनात आहे. औषधाच्या दुकानातला तरुण पहिल्याच रांगेत कानकोंडा होऊन बसला होता. मी पदर खोचला. आता उठतेच, म्हटलं.

पण माझ्याआधी नाना बोलले. मी इथे नीट लिहिते आहे, त्यांच्या बोळक्यातून ते इतकं नीट आलं नाही.

“पोरगा छान वाचतो,” ते म्हणाले. “त्याला द्या. माझी काही तक्रार नाही. मी बाकं पुसायला येईन.”

मी डोक्याला हात लावला. ज्याच्यासाठी भांडायला आले तो स्वतःच शस्त्र खाली ठेवून मोकळा!

नाना मात्र बसले नाहीत. या माणसानं साहेबांसमोर कधी ‘हो साहेब’च्या पुढे शब्द काढला नव्हता.

“फक्त एक आहे,” ते म्हणाले. “मोकळा वेळ बंद करू नका. मी पाया पडून सांगतो. नाव द्यायला लावलं तर ही माणसं येणार नाहीत. वाचायला आवाज चांगला लागतो, ते खरं आहे. पण मागायला लागत नाही. बस चुकली तर दुसरी येते.”

घड्याळकाका थोडे गोंधळले. “नाना, तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण शिस्त म्हणून काही...” त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. “बरं, आजचा वेळ आहे तो घेऊ. आहे का कुणाला बोलायचं?”

कुणीही हललं नाही. असं विचारल्यावर कोण उठणार? इस्त्रीवाली मांडीवरच्या हातांकडे बघत होती. शिंप्याचे ओठ हलत होते, पण पाय हलत नव्हते. वायरमन पंख्याकडे बघत बसला होता. आणि नाना अजून उभेच होते, ग्रंथ छातीशी धरून. आता कुणी उठलं नाही, तर घड्याळकाका म्हणणार, बघा, गरजच नाही. नानांनी स्वतःसाठी काहीच मागितलं नव्हतं, जे मागितलं होतं तेही जाणार होतं.

मी उठले. सुनवायचे चार शब्द तयार होते. पण नानांकडे बघितलं आणि ते चारही विसरले.

“देवा,” मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला. पुढे काय म्हणतात ते माहीत नव्हतं. “आपली ओळख नाही. मी कवळ्या करते. नानांची शिट्टी माझ्या हातची होती. त्यांनी मला सांगितलं नाही, कारण मला कुणी काही सांगत नाही. मी सांगू देत नाही. आज त्यांना दात नाहीत तेही माझ्यामुळेच. डबी गरम असताना उघडली. मला जरा धीर दे. आणि कुणी माझी चूक दाखवली तर ऐकून घ्यायची बुद्धी दे. एवढंच. बसते.”

‘बसते’ला कुणीतरी हसलं. मग मीही हसले, आणि धपकन बसले.

मग मागून शिंपी उठला. “दे... दे... देवा,” तो म्हणाला, आणि त्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत सगळं प्रार्थनाघर थांबून राहिलं. त्याच्या मुलीला ताप होता. मग इस्त्रीवाली उठली. मग वायरमन उठून म्हणाला, “माझं तेच, मागच्या वेळचंच,” आणि बसला. मग ज्यांना मी नुसतं चेहऱ्यानं ओळखत होते अशी माणसं, एकामागून एक उठत राहिली. कुणाचं वाक्य तुटलं, कुणी रडलं, कुणी काय मागायचं ते विसरलं. नाना कधी बसले ते मला कळलंच नाही. बघितलं तर माझ्या शेजारी बसून डोळे मिटून होते.

शेवटी घड्याळकाका उठले. घड्याळाकडे बघितलं, लोकांकडे बघितलं. “फारच उशीर झाला,” ते म्हणाले. “बाकीचं पुढच्या आठवड्यात ठरवू.” तो पुढचा आठवडा अजून उजाडायचा आहे. औषधाच्या दुकानातला तरुण दारात नानांची वाट अडवून उभा राहिला आणि म्हणाला, एक आठवडा तुम्ही, एक आठवडा मी, नाहीतर मी वाचणार नाही. नाना “बरं” म्हणाले.

आमची बस अर्थातच चुकली. दुसरी आली ती माझ्या नवऱ्याचीच होती. आरशातून आम्हा दोघांना एकत्र चढताना बघून त्यानं इतका वेळ दार बंद केलं नाही, की मागचे लोक ओरडायला लागले.

वरची कवळी मी नव्यानं केली. पुन्हा माप, पुन्हा साचा, पुन्हा मेण. डबी उकळून बाहेर काढली आणि गार व्हायला ठेवून चक्क भाजी आणायला निघून गेले. परत आल्यावरही हात लावला नाही. पूर्ण गार झाल्यावर उघडली, घासली, धुतली आणि नानांना हाक मारली.

त्यांनी कवळी घातली आणि पोत्यावरची सूचना छाती भरून वाचली. “सदर माल सुरक्षित, सुक्या जागी साठवावा!” एकाही ‘स’ला शिट्टी नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यानं मान वर केली नाही. मी खुर्चीत टेकले.

“कशी आहे?” मी विचारलं.

“छान बसलीये,” नाना सवयीनं म्हणाले. मग थांबले. जीभ गालात फिरवली. माझ्याकडे बघितलं, जरा भीतभीतच.

“खरं सांगू का?”

“सांगा.”

“वर, डावीकडे, जराशी टोचते.”

मी उठले आणि हात पुढे केला. या घरात येऊन इतकी वर्षं झाली, नानांनी माझ्या कामात काढलेली ही पहिली खोट होती. मला एवढा आनंद झाला, की त्यांना दिसू नये म्हणून मला मशीनकडे तोंड करावं लागलं.

“काढा,” मी म्हटलं. “कुठे टोचते, नीट दाखवा.”